गळ्यात ‘काहीतरी’ अडकलंय

आमच्या चौसाळ्यात मुलांच्या तोंडात सतत काही ना काही असतं. पावसाळा सरता सरता बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं येतात, थंडीत बोरं येतात, मग चिंचा. बिया कधी थुंकल्या जातात, कधी गिळल्या जातात. रमज़ानमध्ये इफ़्तारच्या घाईत खजुराची बी आत गेलेलं मूल तर प्रत्येक घरात एखादं असतंच. म्हणून “गळ्यात काहीतरी अडकलंय” हे वाक्य आईबाप आणि आम्ही शिक्षक वरचेवर ऐकतो. पण या एकाच वाक्यामागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे श्वास अडकणं. खरं तर असं मूल हे वाक्य बोलूच शकत नाही. ते बोलत नाही, रडत नाही, खोकताही येत नाही, ओठ निळे पडू लागतात. मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्यावं, खोकल्याइतका चांगला उपाय नाही. खोकला बंद पडला आणि आवाज निघेना, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने लगेच हात चालवावेत. मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा माराव्यात. तरी निघालं नाही तर मागून मिठी मारून, बेंबीच्या थोडं वर मूठ ठेवून पाच वेळा आत आणि वर दाबावं. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करत राहावं. ही पोट दाबण्याची रीत हेन्री हाइमलिक या अमेरिकन डॉक्टरने १९७४ मध्ये मांडली. मात्र एक वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबायचं नाही. त्याला हातावर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या टाचेने पाच वेळा दाबायचं. मूल बेशुद्ध पडलं तर छाती दाबून कृत्रिम श्वास सुरू करायचा. वस्तू निघाली तरी नंतर डॉक्टरांना दाखवायचंच. आणि दिसत नसताना घशात बोट घालायचं नाही, वस्तू आणखी आत जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे अन्ननलिकेत काही अडकणं. मूल श्वास घेतं, बोलतं, पण लाळ गळते, गिळताना दुखतं, खाल्लेलं परत येतं. नाणं असेल, माशाचा काटा असेल. आपल्याकडे लगेच केळं किंवा कोरड्या भाकरीचा गोळा गिळायला देतात. काटा त्याने आणखी रुतू शकतो. खेळण्यातला किंवा रिमोटमधला गोल चपटा सेल गिळला असेल तर वाट पाहायचीच नाही. तो दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो. उलटी न करवता थेट मोठं रुग्णालय गाठायचं. शेंगदाणा तर श्वासनलिकेत जाऊन बसतो आणि मूल कित्येक दिवस खोकत राहतं. म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे देऊच नयेत.

आता तिसरी गोष्ट. मला खरं तर हिच्याबद्दलच लिहायचं आहे.

मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. सहावीतली एक मुलगी जानेवारीत मला म्हणाली, “मॅडम, गले में कुछ तो बी अटक्या है.” (‘कुछ तो बी’ म्हणजे आपलं ‘काहीतरी’च, उर्दूचे कपडे घातलेलं.) डिसेंबरात तिने बोराची बी गिळली होती. बी केव्हाच गेली असणार, पण ती सांगत होती की अजून तिथेच आहे. पोषण आहाराची खिचडीसुद्धा ती चिवडत बसायची. घरी फक्त पातळ वरण. कपडे ढगळ दिसू लागले होते. “नखरे कर री,” नानी म्हणाली. शेजारच्यांनी नजर उतरवली, दम केलेलं पाणीही पाजून झालं.

दुआ करावीच. पण उंट आधी बांधायचा आणि मग अल्लाहवर सोपवायचं, हेही आपल्याला शिकवलेलं आहे. नानीला घेऊन आम्ही बीडला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घसा पाहिला, मान चाचपली, वजन केलं, फोटो काढला. गिळताना दुखतं का, खाल्लेलं वर येतं का, आवाज बसतो का, हे सगळं विचारलं. वजन उतरलेलं असताना हे तपासल्याशिवाय “मनाचं आहे” असं कुणी म्हणू नये. काही सापडलं नाही. मग त्यांनी तिलाच सांगितलं, “तुला जाणवतंय ते खरं आहे. घशातले स्नायू आवळले गेलेत. बी नाही, पण गोळा आहे.”

वैद्यकात याला ग्लोबस म्हणतात, लॅटिनमध्ये गोळा. पूर्वी त्याला उन्मादाचं नाव जोडलेलं होतं, म्हणजे बायकांचं वेड. १९६८ मध्ये माल्कमसन नावाच्या डॉक्टरने ते नाव बदलायला सांगितलं, कारण अनेक रुग्णांत उन्माद वगैरे काही नसतो. आम्लपित्ताने हे होतं, घसा खरवडल्यावर होतं, काळजीनेही होतं. आणि वारंवार कोरडं गिळून पाहिलं, खाकरलं, की वाढतं.

आपल्या भाषांना हे डॉक्टरांच्या आधी कळलं होतं. मराठीत आपण आवंढा गिळतो, कंठ दाटून येतो, घास घशाखाली उतरत नाही. उर्दूत गला भर आता है, रुंध जाता है. मी वर्षानुवर्षं हे वाक्प्रचार फळ्यावर लिहून मुलांकडून वाक्यात उपयोग करून घेते. ही मुलगी वाक्यात उपयोग करत नव्हती, ती ते जगत होती.

तिचे आईवडील दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला गेले होते, कर्नाटकात. आमच्या जिल्ह्यात हे नवं नाही. उचल घेतलेली असते, मार्च-एप्रिलपर्यंत परतणं नसतं, मुलं आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहाच्या जेवणावर. आईचा फोन रात्री जेवणाच्या वेळी यायचा. गाडी भरायला उशीर झाला की यायचा नाही. नानीला विचारता विचारता लक्षात आलं, फोन येत नाही त्या रात्री ताट तसंच राहतं.

मग आम्ही फार मोठं काही केलं नाही. आईने फोनची वेळ सोडली आणि पहाटे फडावर निघताना आवाजातला निरोप पाठवू लागली. नानी तो जेवणाआधी ऐकवायची. दुपारी मी माझा डबा तिच्या शेजारी उघडायचे. आधी दुधात कुस्करलेली भाकरी, मग मऊ पोळी, छोटे घास, मध्ये पाण्याचा घोट. बसून, बिस्मिल्लाह म्हणून, सावकाश. “किती खाल्लंस” हा प्रश्न कुणी विचारायचा नाही, असं ठरवलं. खाकरावंसं वाटलं की खाकरायचं नाही, घोटभर पाणी प्यायचं. सहा आठवड्यांनी तिने सुकी भाकरी खाल्ली. वजन भरू लागलं.

एप्रिलमध्ये आईवडील परत आले. गोळा पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही. परीक्षेच्या दिवशी तिचा हात गळ्याकडे गेला होता, आणि तिने स्वतःच बाटली काढून दोन घोट घेतले.

तुमच्या घरातलं मूल असं म्हणालं तर आधी श्वास बघा, मग गिळणं बघा, डॉक्टरांना दाखवा. आणि सगळं ठीक निघालं तर “काही नाही झालं” म्हणून विषय संपवू नका. त्याला विचारा, कधीपासून वाटतंय? तेव्हा घरात कोण नव्हतं?