खांबाखाली उभी झिलमिल

शनिवार, रात्री उशिरा

आज पुन्हा ‘बर्फी!’ पाहिला. त्याचा दिग्दर्शक अनुराग बसू याचा जन्म आमच्या भिलाईतला, त्यामुळे इथे त्याच्याविषयी सगळेच हक्काने बोलतात. त्याच्या ‘मर्डर’चा (२००४) विषय निघाला की मात्र ज्येष्ठ मंडळी चहा मागवतात!

मला त्याचा पुढचा प्रवास भावतो. ‘लाइफ इन अ... मेट्रो’मधला (२००७) इरफानचा मॉन्टी घ्या. लग्नाळू, आगाऊ, पहिल्या भेटीतच नजरेतून उतरणारा. पण हळूहळू हाच माणूस आपलासा होतो, आणि त्यासाठी बसू त्याला मुळीच सज्जन करत नाही.

‘बर्फी!’त (२०१२) तर कमालच. बर्फी दिव्याचा खांब बुंध्याशी करवतीने कापतो आणि सोबत्याचा हात धरून त्याखाली उभा राहतो. खांब कलला की सोबती हात सोडून पळतो. झिलमिल मात्र हलत नाही. हा विश्वास, की स्वमग्न मुलीला धोका उमगलाच नाही? दिग्दर्शक उत्तर देत नाही. सौरभ शुक्लाचा इन्स्पेक्टर दत्ताही बर्फीच्या मागे धावता धावता त्याच्यात जीव गुंतवून बसतो.

‘लूडो’त (२०२०) पात्रांची गर्दी फार झाली, असं काहींना वाटतं. असेल. त्याची पटकथा पसरते, हे खरंच. पण घट्ट विणलेल्या कथेतल्या पुठ्ठ्याच्या माणसांपेक्षा मला सैल कथेतली ही हाडामांसाची माणसं केव्हाही परवडतील.