पुतळ्याची किंमत

किल्ला म्हटला की मराठी माणसाला बुरूज दिसतात. पण ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ नावाच्या संगणकावरच्या खेळात किल्ला वर बांधायचा नसतो, खाली खणायचा असतो. सात बुटके येतात आणि डोंगर पोखरायला लागतात. टार्न आणि झॅक ॲडम्स या अमेरिकेतल्या दोन भावांनी २००६ साली हा खेळ लोकांपुढे फुकट ठेवला. तेव्हा त्यात चित्रे नव्हतीच, नुसती अक्षरे आणि चिन्हे. चित्रांची, विकतची आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली.

लढाया वगैरे आमच्या चिरंजीवांकडे. मला त्यातले एकच खाते आवडले : खोलीचे मूल्यांकन! भिंत घासून गुळगुळीत करा, किंमत वाढली. तिच्यावर कोरीवकाम करा, आणखी वाढली. पलंग, पेटी, दार सगळे हिशेबात. आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे पुतळा. पुतळ्याची मूळ किंमत २५. सोन्याचा केला की गुणिले ३०, म्हणजे ७५०. कारागिराची अप्रतिम कृती ठरला, तर वर गुणिले १२. झाले ९,०००! शयनगृह शाही ठरायला १०,००० लागतात. म्हणजे एक पुतळा उभा केला की राजेसाहेबांचे हजारावर भागते. आम्ही बी.कॉम.ला इतके सुटसुटीत मूल्यांकन कधी शिकलो नाही.

यात माणसाचा स्वभावही बरोबर पकडलाय. हाताखालच्याची खोली आपल्यापेक्षा भारी असली, तर वरच्या उमरावाच्या पोटात दुखते. उलट हिशेबनीस बुटक्याला कसलीही कचेरी चालते. खुर्ची टाकली की स्वारी मोजायला बसली! बँकेत वीस वर्षे काढल्याशिवाय हे कळत नाही. त्या भावांना कोणी सांगितले, कोण जाणे.

पण खरी गंमत कोरीवकामात आहे. किल्ल्यात जे घडते, त्यातलेच प्रसंग कारागीर कधी कधी भिंतीवर कोरतो. म्हणजे घरात काय घडले, याचीही त्या घराला किंमत मिळते!

हे मला सध्या फार लागते आहे, कारण आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरलाय. बिल्डरच्या कागदात आमचे घर म्हणजे चारशे वीस चौरस फूट कार्पेट एरिया. त्याच्या बदल्यात नवे किती, भाडे किती, डिपॉझिट किती, सगळे रकाने चोख. मी स्वतः दोनदा बेरीज तपासली. तेवढ्यात सौ. चष्मा लावून म्हणाली,

“अहो, आपली चौकट कुठल्या रकान्यात?”

स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. दोन्ही मुलांची उंची, दर वाढदिवसाची, तारखेसकट. सर्वांत खालची रेघ माझ्या गुडघ्याच्या जरा वर आणि सर्वांत वरची माझ्या डोक्याच्या वर. तीन वेळा घराला रंग लागला, तिन्ही वेळा रंगारी ती चौकट सोडून गेला, कारण सौ. तिथे उभी होती.

मी बँकेत गहाणाचे कागद पाहतो. इमारतीचे वय, मजला, बाजारभाव, सगळे त्यात असते. रेघांना रकाना नसतो.

मग मी करारात एक कलम घालायला लावले : ‘सदर सदनिकाधारकास स्वयंपाकघराची लाकडी चौकट स्वखर्चाने काढून नेण्याचा हक्क राहील.’ सेक्रेटरी म्हणाले, “नव्या घरात बिल्डर चौकटी देणारच आहे हो. ही जुनी घेऊन करणार काय?”

“दाराला नाही लावणार,” मी म्हटले. “हॉलमध्ये उभी करणार. पुतळा म्हणून!”