पाचशेची आणि पंधरा हजारांची

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैल घेणारा माणूस आधी जबडा उघडून दात बघतो, खुरं बघतो, दहा पावलं चालवून बघतो. मग रुमालाखाली बोटं धरून भाव होतो. तोच माणूस दुपारी कपड्यांच्या पालाशी येऊन पोराला जीन्स घेतो, तेव्हा मात्र कमरेमागचा चामड्यासारखा तुकडा तेवढा वाचतो. पाचशे रुपयांत खरी लिव्हाईज मिळत नाही हे त्याला ठाऊक असतं, विकणाऱ्याला ठाऊक असतं, पोराला तर दोघांपेक्षा जास्त. तरी तुकडा हवाच. बिनतुकड्याची, कापडाने चांगली असलेली जीन्स पालावर तशीच पडून राहते.

*

कापसाचा हिशेब. एक जीन्स साधारण सहाशे ते आठशे ग्रॅमची. सूत काढताना, कापड बेतताना जाणारी घट धरून एक किलो रुई म्हणू. कापसातून रुई निघते तिसरा हिस्सा, म्हणजे तीन किलो कापूस झाला. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. तीन किलोचे 243. आमची काष्टी श्रीगोंदा तालुक्यात, इथे ऊस आणि लिंबू. जिल्ह्यातला कापूस शेवगाव-पाथर्डीकडचा. तिथल्या शेतकऱ्याच्या हातात हमीभाव तरी पडतो का, हे त्यालाच विचारावं.

थोडक्यात, पंधरा हजारांच्या जीन्समध्येही कापूस अडीचशेच्या आतलाच. पाचशेच्या जीन्समध्ये त्याहून कमी, कारण तिथे पॉलिएस्टर मिसळलेलं असतं.

*

मग वरचे पैसे जातात कुठे? काही पैसे खरोखर कापडात जातात, हे नाकारून चालणार नाही. डेनिमचं वजन चौरस वाराला किती औंस असं मोजतात. दहा औंसाचं हलकं, चौदाचं चांगलं जाड. त्यात लायक्रा किती घातलाय यावर पुढचं ठरतं. लायक्रा एक-दोन टक्के असेल तर मोटारसायकलवर बसताना मांडी मोकळी राहते. जास्त झाला की सहा महिन्यांत गुडघ्याला फुगे येतात आणि लायक्राचे तुटलेले धागे केसांसारखे बाहेर डोकावतात.

शिलाईत फरक पडतो. पायाच्या कडेची शिवण आत दुमडून दोनदा टीप मारलेली असेल तर उसवत नाही. नुसती इंटरलॉक करून सोडली असेल तर दौंडपर्यंत रोज गाडीवर जाणाऱ्याची जीन्स आधी बैठकीत जाते. चेन पितळेची की पत्र्याची, हे चार वेळा वर-खाली केल्यावर कळतं.

आणि रिव्हेट. खिशांच्या कोपऱ्यांवरचे ते तांब्याचे ठिपके शोभेसाठी आलेले नाहीत. मजुरांचे खिसे ओझ्याने उसवत, म्हणून अमेरिकेत जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने तिथे धातू ठोकला. 20 मे 1873 रोजी त्याला आणि कापडव्यापारी लेव्ही स्ट्रॉसला त्याचं पेटंट मिळालं. आजची पाचशेची जीन्स तोच ठिपका नुसता चिकटवते. धुण्याच्या दगडावर दोनदा आपटली की निघाला.

हे सगळं बरं हवं असेल तर दीड-दोन हजार लागतात. त्याच्यावर मात्र प्रत्येक हजाराला मिळणारा माल कमी कमी होत जातो.

*

‘माल कुठला?’ असं पालावर विचारलं की उत्तर ठरलेलं: मुंबई. या मुंबईत उल्हासनगरही येतं. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, सिंधी निर्वासित आले आणि त्यांनी कशाचेही कारखाने काढून दाखवले, जीन्सचेही. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद महाराष्ट्रात सगळ्यांनी ऐकलेला आहे. विनोदात जी येत नाही ती वालधुनी नदी. नवी जीन्स जुनी दिसावी म्हणून धुलाई कारखान्यांत तिचा रंग काढतात, आणि ते निळं पाणी वर्षानुवर्षं या नदीत गेलं. वनशक्ती संस्था त्यासाठी हरित न्यायाधिकरणात गेली.

पण महागड्या जीन्सचाही रंग असाच काढतात. निळीचा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरवर बसतो, म्हणून तो घासून उतरवता येतो. दगड, रसायन, लेझर, काहीही वापरा. तुर्कस्तानात वाळूचा झोत मारून जीन्स विटवत. त्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस झाला, माणसं मेली, तेव्हा 2009 मध्ये तिथे ही पद्धत बंद केली. उसाच्या फडात जीन्स विटवण्याचं काम फुकटात होतं. तिथे विटलेल्या जीन्सला कोणी जास्त पैसे देत नाही, एवढाच फरक.

*

अहमदाबादच्या अरविंद मिलने 1995 च्या सुमारास ‘रफ अँड टफ’ काढली होती. पाकिटात डेनिमचं कापड, चेन, बटण, रिव्हेट आणि मागे लावायचा तुकडासुद्धा. किंमत 195 रुपये. शिवायची गावच्या टेलरकडून. जाहिरातीत अक्षय कुमार. माझ्या मते आपल्याकडे जीन्सच्या धंद्यात याहून शहाणी कल्पना निघालेली नाही. कंबर आपल्या मापाची, पायाची उंची आपल्या मापाची, आणि नावही मिळालं. आता तयार जीन्स घेतो आणि खालून चार बोटं कापायला त्याच टेलरकडे जातो.

*

मुलींच्या जीन्सचं गाऱ्हाणं वेगळं आहे आणि ते किमतीने सुटत नाही. पुढचा खिसा म्हणून नुसती टीप मारलेली असते, किंवा असला तरी दोन बोटांचा. फोन हातात धरून एसटीत चढायचं. तीन हजारांच्या जीन्सलाही हेच.

*

डिझायनर जीन्स हा प्रकार 1970 च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये पिकला. ग्लोरिया व्हँडरबिल्ट या धनाढ्य घराण्यातल्या बाईंचं नाव मागच्या खिशावर आलं आणि मजुराचा कपडा पार्टीत गेला. त्यामागचा व्यापारी होता भारतीय वंशाचा मोहन मुरजानी. नाव तिचं, धंदा त्याचा. पुढे टॉमी हिलफिगरलाही त्यानेच पुढे आणलं.

*

महाग असूनही ज्यांची किंमत पटते अशा थोड्या जीन्स आहेत. जपानमध्ये ओकायामाकडे जुन्या धोट्याच्या मागांवर कापड विणतात. माग हळू चालतो, पन्हा साधारण निम्मा, म्हणून कापड जास्त लागतं आणि वेळही. पैसे कामाचे आहेत. पण चौदा औंसाचं ते कडक कापड मे महिन्यात काष्टीत घालून फिरायचं कोणी? सकाळी दहालाच पाय उकडतील.

*

सरकारनेही आपली रेघ ओढली आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्याला पाच टक्के जीएसटी, त्यावर अठरा. अडीच हजारांच्या जीन्सवर कर सव्वाशे. सव्वीसशेच्या जीन्सवर 468. शंभराचा माल वाढला, कर पावणेचारपट.

*

माझं मत विचाराल तर पाचशेची महाग पडते, कारण वर्षात दोन लागतात. पंधरा हजारांची घ्यायला हरकत कोणाचीच नाही, फक्त ती कापडासाठी घेतली असं सांगू नये. दीड ते अडीच हजारांत चांगली जीन्स मिळते. घेताना आतून उलटी करा, शिवण ओढून बघा, चेन चालवून बघा, उकिडवे बसून बघा. तुकडा शेवटी वाचा.