कागदाची निगा

पंक्तीला बसलेला मनुष्य जिलबीची स्तुती करतो, पत्रावळीची करीत नाही. परंतु पत्रावळ गळू लागली की कढी कोठे जाते, हे सर्वांस ठाऊक आहे. प्रिंटरच्या कागदाची गोष्ट तशीच आहे. यंत्र घेताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो, आणि कागद मात्र दुकानदार देईल तो निमूटपणे घरी आणतो.

आम्ही पालघरला राहतो व कामानिमित्त बोईसर-तारापूरकडे जातो. पश्चिमेस समुद्र, त्यात चार महिने पाऊस. या मुलखात मीठ पाझरते, दारे फुगतात, मग कागदाने तरी काय करावे? तो वनस्पतींच्या तंतूंचा बनलेला, अर्थात ओलीचा भुकेला. उघड्या गठ्ठ्याच्या कडा आधी ओल पितात आणि पाने लहरींसारखी वाकतात.

लेझर प्रिंटरमध्ये पातळ शाई नसते. कोरड्या भुकटीने विजेच्या साहाय्याने अक्षर उमटविण्याची युक्ती चेस्टर कार्लसन याने १९३८ साली साधली. पुढे गॅरी स्टार्कवेदर याने तीस लेझर किरणाची जोड दिली. विजेचा भार भुकटीला कागदावर ओढतो आणि तापलेला रूळ ती वितळवून चिकटवितो. दमट कागद तो भार नीट धरीत नाही, म्हणून अक्षर फिके पडते. रुळाखाली ओलीची वाफ होते, पान वळते व यंत्राच्या घशात अडकते. कागद फाजील कोरडा झाला तरी पंचाईतच; मग पाने एकमेकांस बिलगून जोडीने आत शिरतात.

निवड फारशी कठीण नाही. नित्याच्या कामास ८० जीएसएमचा कागद उत्तम. ए४ पान चौरस मीटरचा सोळावा हिस्सा असते. म्हणजे एक पान ५ ग्रॅमचे आणि ५०० पानांचे रीम अडीच किलोचे. ७० जीएसएमचे रीम सुमारे २ किलो १९० ग्रॅम भरते. शंका आल्यास वाण्याचा तराजू न्यायनिवाडा करील. शाईच्या प्रिंटरसाठी केलेला लेपाचा चकचकीत कागद मात्र यात घालू नये. लेप वितळून रुळास चिकटण्याचे भय असते.

निगा तर आमच्या घरातील बायकांस शिकविण्याचे कारणच नाही. पापड-कुरडया त्या ज्या दक्षतेने पावसाळ्याआधी घट्ट डब्यात भरतात, तीच दक्षता येथे हवी. रीमचे वेष्टन ओल अडविण्यासाठीच असते. ते लागेल तेव्हाच फोडावे, उरलेली पाने पुन्हा गुंडाळून आडवी ठेवावी, जमिनीवर किंवा भिंतीलगत ठेवू नये. यंत्रात घालण्यापूर्वी पाने फुलवून घ्यावी.

एवढ्याशा गोष्टीचे इतके अवडंबर कशाला, असे कोणी म्हणेल. गेल्या जुलैत विक्रमगडकडच्या एका विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. जोडलेल्या दाखल्याच्या छापील प्रतीवर उत्पन्नाचा आकडाच पुसट उमटला होता. नवी प्रत आणण्यात तिचा एक दिवस गेला आणि सोबत आलेल्या वडिलांची त्या दिवसाची मजुरी बुडाली. ज्यांच्या घरी कपाटभर कागद आहेत, त्यांस एका पानाचे मोल कळत नाही; ज्यांचे सारे भवितव्य एका पानावर असते, त्यांस ते पुरते कळते.

जुने लेखक पोथी संपविताना, तिला पाण्यापासून व तेलापासून जपा, अशी वाचकास विनवणी करीत. आमच्या या ओल्या किनाऱ्यावर ती विनवणी कोऱ्या पानासाठीही करावयास हवी.