आखाडाआधी तलंगी ओळखा

भगिनींनो, आखाड आला की पाहुणे येतात आणि घरधनी खुराड्यात हात घालून हाताला लागेल तो पक्षी बाहेर काढतात. गेली पंचवीस वर्षे गावोगाव फिरताना मी हे पाहत आलो आहे. पुष्कळदा कापली जाते ती तलंग आणि मागे राहतात ते कोंबडे. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. त्या पैशांतून मीठमिरची येते, पोरांच्या वह्या येतात. एका जेवणापायी हे सारे बुडते. म्हणून नर कोणता, मादी कोणती, हे तुम्ही आधीच ओळखून ठेवा.

टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो, असे म्हणतात. त्यात तथ्य नाही. एक दिवसाच्या पिलाची मागची बाजू तपासून नर-मादी ओळखण्याची पद्धत जपानात १९२० नंतरच्या दशकात पुढे आली. पण ते उबवणी केंद्रातल्या कसबी माणसाचे काम. घरी करू नये, पिलू दुखावते.

दीड-दोन महिन्यांत नराचा तुरा मोठा आणि लाल होऊ लागतो, पायही जाड दिसतात. तरी एवढ्यावर निकाल देऊ नका. कडकनाथचा तुरा तर काळपटच असतो, तिथे लाली शोधून उपयोग नाही.

खरी खूण तिसऱ्या महिन्यात दिसते. पक्षी काखेत धरा आणि शेपटीच्या अलीकडची पाठीवरची पिसे उजेडात पाहा. नराची पिसे लांब, अरुंद, टोकदार आणि चकचकीत असून दोन्ही बाजूंना लोंबतात. तलंगीची आखूड, रुंद आणि गोल टोकाची असतात. मानेवरही हाच फरक दिसतो. मात्र उघड्या मानेच्या कोंबड्यांत पाठच पाहावी. चैत्रात निघालेली पिले आखाडापर्यंत बरोबर या वयाला येतात.

डोंगराकडच्या एका वाडीत एक आजीबाई ओळख पटली की तलंगीच्या पायात सैलशी रंगीत चिंधी बांधतात. "चिंधीवालीला हात लावायचा नाही," अशी घरात सर्वांना ताकीद. मला ही रीत फार आवडली. पाय वाढेल तशी चिंधी सैल करा, म्हणजे काचणार नाही.

आठ-दहा कोंबड्यांमागे एक चांगला नर ठेवा. बाकीचे कोंबडे आखाडात खुशाल विका.