एक फूट माती

शेतकरी बंधू-भगिनींनो, आज मी खताची मात्रा सांगणार नाही, की किडीवरची फवारणीही सांगणार नाही. आज एका गोणीची गोष्ट सांगतो.

मी कृषी खात्यातला माणूस. दापोलीला शिकलो, शेतीची पदवी घेतली आणि नोकरीत केस पिकवले. राहतो खारघरला. दिवस जातो तुमच्या बांधावर आणि रात्र चौथ्या मजल्यावर. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या सौभाग्यवतींनी तुळशीची कुंडी बदलायला काढली. चौथ्या मजल्यावर माती कुठली? कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेतून ‘बागेची माती’ म्हणून एक गोणी विकत आणली. गॅलरीत वर्तमानपत्र पसरून ती उलटी केली आणि माझा हात जागच्या जागी थांबला.

त्या मातीत भाताची धसकटं होती. ढेकळं फोडली तर मुळांच्या वाटांनी तांबूस रेघा उमटलेल्या. गोगलगायींचे बारीक पांढरे शंखही होते. सारा जन्म भातखाचरांतून चालण्यात गेलेल्या माणसाला आणखी खूण कशाला हवी? ती बागेची माती नव्हती. कुणाच्या तरी खाचराचा वरचा थर होता.

“अहो, काय झालं?” सौ.ने विचारलं. मी म्हटलं, “काही नाही.” पण मनात जुनी बोच जागी झाली होती.

अकरा-बारा वर्षांपूर्वी माझ्या हद्दीतल्या एका शेतकऱ्याने शेतातली वरची माती विकली. मी त्या रस्त्याने जात होतो. मालमोटार भरताना डोळ्यांनी पाहिली. तो हसून म्हणाला, “साहेब, नाहीतरी उन्हाळ्यात पडीकच असतं.” मीही हसलो आणि पुढे गेलो. माती विकू नको असं सांगणं आपल्या कामात येत नाही, अशी मी मनाची समजूत घातली. पुढल्या वर्षी त्या खाचरात पाणी ठरेना. रोपं पिवळी पडली. दुप्पट युरिया घातला, तरी ओंबी भरली नाही. तिसऱ्या वर्षी त्याने लावणी सोडली आणि नंतर शेतच विकलं. माझ्या तोंडून त्या दिवशी दोन शब्द निघाले असते तर कदाचित ते शेत राहिलं असतं.

तुम्ही म्हणाल, एवढी माती घेतं कोण? त्यासाठी खारघरच पाहा. आज इथे रुंद रस्ते आहेत, उंच इमारती आहेत, सेंट्रल पार्क आहे, गोल्फचं मैदान आहे. पण ओवे, मुर्बी, बेलपाडा, कोपरा ही जुनी गावं अजून सेक्टरांच्या मधोमध उभी आहेत. गावठाण राहिलं, शेत गेलं. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी घेण्याचं ठरलं. हक्काच्या मोबदल्यासाठी माणसं दि. बा. पाटील यांच्या मागे उभी राहिली. १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्याच्या जोरावर पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड पदरात पडले.

तो लढा मोठाच होता. पण तिथे हिशेब झाला तो क्षेत्राचा आणि पैशांचा. मातीचा हिशेब कुणी मांडल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. खाचरांवर डोंगराचा मुरूम पडला, मुरुमावर काँक्रीट पडलं, आणि पिढ्यांनी कसलेली माती खाली गाडली गेली. आता त्याच इमारतींच्या आवारात झाडं लावायला, हिरवळ करायला माती लागते. ती येते तुमच्या उरलेल्या शेतांतून.

यंदा मार्च महिन्यात मला एक फोन आला. आमच्याच तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावचा शेतकरी. नाव सांगत नाही. म्हणाला, “साहेब, पोरीच्या नर्सिंगची फी भरायचीय. एक माणूस आलाय. वरची एक फूट माती उचलतो म्हणतो, पैसे रोख. शेत माझंच राहणार. खाली माती आहेच की! काय बिघडतं?”

मी म्हटलं, “भाऊ, उद्यापर्यंत त्याला होय म्हणू नका. मी येतो.”

दुसऱ्या दिवशी कुदळ-फावडं घेऊन आम्ही त्याच्या खाचरात उभे राहिलो. सोबत त्याची म्हातारी आई होती. तीन फूट खोल खड्डा घेतला आणि त्याची एक बाजू विळ्याने तासून स्वच्छ केली. मग मातीच सगळं सांगू लागली. वरचा वीतभर थर काळपट, भुसभुशीत, मुळांच्या जाळीने भरलेला. पिकाचं बहुतेक अन्न याच थरात असतं. पालापाचोळा, शेण, धसकटं कुजून जो सेंद्रिय कर्ब होतो, तो इथेच. गांडुळं इथेच, डोळ्यांना न दिसणारे जिवाणूही मुख्यतः इथेच. त्याच्या खाली चार बोटांचा कठीण थर लागला. वर्षानुवर्षं नांगर फिरून आणि चिखलणी होऊन हा थर तयार होतो. तोच खाचराचा तळ, तोच पाणी धरून ठेवतो. यंत्राने एक फूट माती उचलली की तोही फुटतो. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या शेतात पाणी का ठरेना, याचं उत्तर त्या चार बोटांत होतं.

त्याच्याही खाली निळसर राखाडी, चिकट माती लागली. आजींनी त्यातली चिमूटभर जिभेला लावली आणि थुंकून टाकली. म्हणाल्या, “मीठ हाय नुसतं.”

खाडीकाठच्या शेताची हीच गोष्ट आहे. पावसाचं गोडं पाणी वरच्या थरातले क्षार धुऊन खाली नेतं, म्हणून वर भात पिकतो. उन्हाळ्यात खालचा खारा ओलावा दिव्याच्या वातीत तेल चढावं तसा वर चढतो. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. वरची एक फूट माती काढली की मुळं त्या खाऱ्या थराच्या आणखी जवळ जातात. शेत तुमचंच राहतं, सातबारा तुमचाच राहतो. पीक मात्र राहत नाही.

मग आम्ही बांधावर बसून हिशेब केला. तुम्हीही करून पाहा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. एक फूट खोल माती उचलली की गुंठ्याला जवळजवळ ११ ब्रास होते. वजनाने साधारण ४० टन. एकराला १६०० टन. वर्षाला एकरी ५ टन शेणखत घालणाऱ्या शेतकऱ्याला आपण चांगला म्हणतो. त्या मापाने नुसती वजनाची भरपाई करायची तरी ३२० वर्षं लागतील. आणि शेणखत म्हणजे माती नव्हे; त्यातलं बरंचसं कुजून हवेत जातं. खडक झिजून बोटभर जाडीची माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. शिवाय माती आणि मुरूम ही कायद्याने गौण खनिजं आहेत. विकण्यासाठी उपसायची तर महसूल खात्याची परवानगी लागते, नाहीतर दंड होतो. माती नेणारा हे सांगत नाही.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “पण साहेब, फी?”

बंधूंनो, या प्रश्नाचं उत्तर माझ्या पुस्तकात नव्हतं. माती वाचवा म्हणणं मला सोपं आहे, मला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. मी एवढंच केलं, की त्याच्याबरोबर बँकेत गेलो आणि शैक्षणिक कर्जाचा अर्ज भरायला मदत केली. पहिला हप्ता त्याने एक पारडी विकून भरला. पुढच्याची तजवीज अजून व्हायची आहे. माती मात्र त्याने दिली नाही. पारडी पुन्हा होते, असं आजी म्हणाल्या.

आता तुमच्याकडे वळतो. माती विकणं हा एक तोटा झाला. दुसरा तोटा आपण रोज थोडाथोडा करतो. पीक घेतो आणि मातीला परत काही देत नाही. पेंढा जाळतो. राबासाठी शेण आणि पाला जाळतो, म्हणजे खतच जाळतो. त्यापेक्षा शेण खड्ड्यात कुजवा आणि रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख मिसळा. बांधावर गिरिपुष्प लावा आणि चिखलणीच्या वेळी त्याचा कोवळा पाला खाचरात गाडा. डॉ. ना. कृ. सावंत यांनी भातासाठी सांगितलेल्या चारसूत्री पद्धतीत हेच आहे: पेंढ्याचा आणि तुसाच्या राखेचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला, ठरावीक अंतरावर लावणी आणि खताच्या गोळ्या चिखलात खोल खोचणं. खताची गोळी खोल गेली की पाण्याबरोबर वाहून जात नाही.

खाडीकाठच्या मंडळींनी पावसाळ्यापूर्वी बांध आणि उघाडी पाहून घ्यावी. एकदा भरतीचं पाणी आत शिरलं की त्याचं मीठ धुऊन जायला काही पावसाळे लागतात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ या क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत. त्यांची चौकशी करा. शेततळं खणायचं किंवा जमीन सपाट करायची असेल, तर आधी वरचा थर बाजूला ढीग करून ठेवा आणि काम झाल्यावर पुन्हा वर पसरा.

मातीची तपासणीही कराच. देशात २०१५ सालापासून मृद आरोग्य पत्रिका दिली जाते. त्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं अशा १२ गोष्टी कळतात. कापणी झाल्यावर, खत घालण्यापूर्वी, शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा वीतभर खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडा. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती घेऊ नका. सगळी एकत्र मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका. अर्धा किलो उरेपर्यंत असंच करा. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा, आत नाव आणि गट क्रमांकाची चिठ्ठी ठेवा आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयात आणून द्या. मुलांनाही सोबत घ्या. त्यांना आपली माती हाताळू द्या.

आमच्या गॅलरीतली तुळस छान फोफावली आहे. सौ. म्हणते, माती चांगली लागली. चांगली असणारच, ती कुणाच्या तरी आज्या-पणज्याने कसलेली होती. यापुढे मातीची गोणी घरात आणायची नाही असं आम्ही ठरवलं आहे. जुनी माती उन्हात वाळवून, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं खत मिसळून पुन्हा वापरतो.

तुमच्याकडे माझी एकच मागणी आहे. भाताची कापणी झाली, जमीन सुकली, की एका सकाळी घरच्या सगळ्यांना घेऊन शेतात जा आणि तीन फुटांचा एक खड्डा घ्या. वरचा काळपट थर किती बोटं आहे ते मोजा आणि मुलांच्या वहीत तारीख घालून लिहून ठेवा. मग कुणी माती मागायला आला, तर ती वही त्याच्यापुढे ठेवा.