फ्रान्सच्या द्राक्षभूमीत : लेखांक तिसरा

मुक्काम बोर्दो, मंगळवार, ता. 8 ऑक्टोबर

पॅरिसहून निघालेली गाडी दोन तासांत येथे पोहोचली. स्थानकावर भाचा न्यावयास आला होता. निफाडच्या द्राक्षबागेत वाढलेला हा मुलगा येथील विद्यापीठात वाइननिर्मितीचे शास्त्र शिकत आहे, आणि त्याच्याच आग्रहाने हा मुक्काम ठरला. संध्याकाळी गारोन नदीकाठच्या शार्त्रों या जुन्या व्यापारी पेठेतून हिंडताना त्याने सांगितलेली हकीकत मला सर्वस्वी नवी होती. 1152 साली अक्वितेनची वारसदार एलेनोर हिचा ज्या हेन्रीशी विवाह झाला, तो पुढे इंग्लंडचा राजा झाल्यामुळे हा मुलूख तीनशे वर्षे इंग्रजांच्या अमलाखाली राहिला आणि दरसाल येथून जहाजांचे तांडे वाइन घेऊन तिकडे जात राहिले. परंतु नव्या सालचा माल बंदरात लागला, की जुन्याचे भाव कोसळत, कारण पिंपातील वाइन वर्षभरात बिघडू लागे. जुनेपणाला मोल आले ते जाड काचेची बाटली आणि घट्ट बसणारे बूच यांची जोडी जमल्यानंतर.

बुधवार, ता. 9

जिरोंदच्या खाडीलगतच्या मेदोक प्रांतात दिवसभर फिरलो. तेथील जमीन पाहून काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला प्रथम कीवच यावी, इतकी ती गोट्यांनी भरलेली आहे. पण याच गोट्यांतून पाणी झरून जाते आणि दिवसभर तापलेले दगड रात्री वेलींना ऊब देतात, म्हणून काबर्ने सोव्हिन्यों हे उशिरा पिकणारे, जाड सालीचे द्राक्ष येथे पूर्णत्वास जाते. रस या सालींसह दोन-तीन आठवडे मुरत राहतो, तेव्हा रंग आणि तुरटपणा त्यात उतरतात. आणि वाइनला दीर्घायुष्य लाभते ते बव्हंशी या तुरटपणाच्या बळावर.

तळघरात 225 लिटरची ओकची पिंपे ओळीने मांडलेली होती. दर तीन महिन्यांनी वाइन एका पिंपातून दुसऱ्यात निवळून घ्यायची आणि खाली बसलेला साका मागे ठेवायचा, ही येथली जुनी वहिवाट. कारभाऱ्यांनी काचेच्या नळीने गेल्या सालची वाइन काढून दिली. रंग शाईसारखा जांभळा, वास पिकल्या करवंदांचा. आणि घोट घेताच हिरड्या व गाल असे आवळले, की तोंडात हिरड्याचे चूर्ण पडल्याचा भास व्हावा.

“मामा, ही आत्ता प्यायची नाही, नुसती ओळख करून घ्यायची,” भाचा म्हणाला.

परतताना सेंतेस्तेफ गावी कॉस देस्तुर्नेलची पॅगोडासारखी शिखरे दिसली, तेव्हा मी गाडी थांबवावयास लावली. लुई गास्पार देस्तुर्नेल हा येथील मालक आपली वाइन थेट हिंदुस्थानात विक्रीस पाठवी. तेथून न खपता परतलेली वाइन सागरप्रवासात अधिक मुरलेली आढळे आणि ‘हिंदुस्थानाहून परत’ हीच तिची कीर्ती होई. कर्जापायी 1852 साली त्याला सारी मालमत्ता विकावी लागली, पुढल्याच वर्षी तो निवर्तला, आणि 1855 च्या सुप्रसिद्ध प्रतवारीत त्याच्या बागेला दुसऱ्या श्रेणीचा मान मिळाला. त्या शिखरांपुढे मी बराच वेळ उभा होतो.

गुरुवार, ता. 10

भाच्याच्या एका निवृत्त अध्यापकांनी रात्री घरी बोलाविले होते. पोयाक गावच्या 2005, 1982 आणि 1961 या सालांच्या बाटल्या, साका तळाशी बसावा म्हणून, कालपासून उभ्या ठेवलेल्या होत्या. 1982 ची पहिली बाटली उघडताच ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. बुचाचा दोष! चाळीस वर्षे जपलेली ती बाटली त्या वृद्ध गृहस्थांनी एक शब्दही न बोलता बाजूला ठेवली आणि आतून दुसरी आणली.

2005 ची वाइन भरदार होती, पण गंध देईना. येथील लोक अशा वाइनला ‘मिटलेली’ म्हणतात, आणि काही वर्षांनी ती पुन्हा उमलते. 1982 साली पीक उदंड आले व वाइन इतकी मृदू उतरली, की ती टिकणार नाही असे कित्येक जाणकारांनी बजावले होते. आज तिच्या कडेला विटकरी छटा आली आहे, तुरटपणा मलमलीसारखा झाला आहे, आणि देवदाराच्या पेटीत तंबाखू ठेवावा तसा वास तिला येतो.

1961 साली अवेळी पडलेल्या थंडीने फुलोरा गळाला आणि जे थोडके द्राक्ष उरले त्यात सारे सत्त्व एकवटले. अध्यापकांनी मेणबत्ती पेटवून तिच्या ज्योतीवर बाटलीची मान धरली आणि श्वास रोखून वाइन सुरईत ओतू लागले. स्वच्छ लाल धारेत साक्याचा पहिला काळा धागा मानेपाशी दिसला, त्या क्षणी हात थांबला. पेल्यात रंग फिकट, जुन्या कौलासारखा. पहिल्या घोटात मला फारसे काही सापडले नाही; दुसऱ्यात पावसानंतरच्या पाचोळ्याची ओल, सुके अंजीर, मग दूरवर कुठेतरी पुन्हा ते करवंद, अगदी क्षीण, पण निःसंशय तेच. अर्ध्या तासात सारे मावळू लागले, म्हणून आम्ही बोलणे थांबविले.

आम्ल आणि मद्यार्क यांच्या मंद संयोगातून काही नवे गंध जन्मतात हे खरे. पण मुरणे म्हणजे भर पडणे, ही माझी लोणच्याच्या बरणीवरून झालेली समजूत आज ढळली. तुरट द्रव्ये व रंगद्रव्ये वर्षानुवर्षे एकमेकांना जखडत जड होतात आणि तळाशी बसतात; ती गेली, की त्यांच्या आवाजाखाली दबलेले सूक्ष्म गंध ऐकू येऊ लागतात. नवे मद्य जड आणि जुने हलके, असे चरकसंहितेत म्हटले आहे, त्याचा अर्थ मला येथे जिभेवर कळला.

शुक्रवार, ता. 11

काल मागून घेतलेली 1961 ची रिकामी बाटली सकाळी खिडकीच्या उजेडात धरली. इतकी वर्षे ती कुशीवर निजलेली होती, त्या बाजूला गळ्यापासून तळापर्यंत तपकिरी खपलीची एक पट्टी बसली आहे. बोटाने थोडा साका काढून जिभेवर ठेवला. रवाळ, कडू, आणि पाठोपाठ हिरड्या आवळल्या, बुधवारी पिंपापाशी आवळल्या होत्या तशाच.

दुपारी गाडीने बोन गावाकडे निघायचे आहे. (क्रमशः)